काम झाल्याचा निरोप

आप्पासाहेब आणि गोजरबाई यांचं गेल्या चार वर्षांत एकदाही भांडण झालेलं नाही. भांडायला बोलावं लागतं, आणि बोलणं त्या दोघांनी बंद ठेवलेलं होतं. तेही आदळआपट करून नव्हे. दुकानाला साप्ताहिक सुट्टी असते तसं, शांतपणे. फक्त सुट्टी आठवड्याचे सातही दिवस.

कोल्हारच्या त्यांच्या घरात पुढचा ओटा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच खोली आहे. ओट्यावर आप्पासाहेब खाकरले तर स्वयंपाकघरातली झाकणं वाजतात. तरीसुद्धा गोजरबाईंना पाणी हवं असेल तर त्या मधल्या खोलीकडं तोंड करून म्हणत, "मोनिका, म्हनावं टाकी रिकामी झाली. मोटर लावायची का मी आता नदीवर जाऊ हंडा घिऊन या वयात?"

मग मधल्या खोलीत लॅपटॉप मांडून बसलेली त्यांची सून मोनिका उठे, ओट्यावर जाई आणि सांगे, "मामा, टाकी रिकामी झालीय. मोटर लावायचीय."

नदी, हंडा आणि वय मधल्या खोलीतच राहून जाई. मोनिका या घरात येऊन अडीच वर्षं झाली होती आणि अशा अर्ध्या वाक्यांचा त्या खोलीत चांगलाच ढीग साचला होता. कामाचं तेवढं पुढं न्यायचं आणि टोमणा जागच्या जागी ठेवायचा, हा नियम तिचा तिनंच केला होता. एकदा, फक्त एकदा, घाईत तिनं पूर्ण वाक्य जसंच्या तसं पोचवलं होतं. त्या दिवशी आप्पासाहेब जेवायला वस्तीवरच्या गड्याकडं गेले होते.

निरोप ऐकला की आप्पासाहेब उठत, टोपी घालत आणि काम करून येत. अगदी चोख. पण काम झालं म्हणून कधी सांगत नसत. मोटर लागली की तिचा आवाज येतोच, मग सांगायचं काय, असं त्यांचं मत असावं. 'असावं' एवढ्यासाठी, की हेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मोनिकाच्या आधी हे निरोपांचं खातं तिचा नवरा सुनील सांभाळायचा. तो कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. आठवड्यातून एकदा घरी यायचा; बाकीचे दिवस निरोप फोनवरून. लग्न ठरताना त्यानं मोनिकाला सगळं मोकळेपणानं सांगितलं होतं: म्हशी किती, पाहुणे किती, लाईट किती वेळ जाते. ही एक गोष्ट तेवढी राहून गेली. लग्नानंतर चौथ्या दिवशी ड्यूटीवर जाताना तो मोटरसायकलला किक मारत म्हणाला, "आई काही म्हणाली तर आप्पांना सांगत जा." मोनिकाला वाटलं, साधी सूचना आहे.

तिचं माहेर सावेडीतल्या एका फ्लॅटमधलं. तिथं आई, वडील आणि भाऊ तिघं एकाच वेळी बोलत. तिघांनाही उत्तरं मिळत. कुणाचं उत्तर कुणाला गेलं, याची फारशी फिकीर कुणी करत नसे. त्या घरातून या घरात येणं म्हणजे रेडिओ बंद करून घड्याळाची टिकटिक ऐकत बसण्यासारखं होतं.

*

मोनिका इंजिनीअर होती. पुण्याच्या कंपनीत चार वर्षं तिनं एका भल्यामोठ्या प्रोग्रामच्या कोपऱ्यातलं एक बटण सांभाळलं होतं. ते बटण कधी निळं करायचं असे, कधी हिरवं. आता कोल्हारात बसून ती पहिल्यांदाच एक अख्खा प्रोग्राम स्वतःच्या नावावर लिहीत होती, आणि तो गावातल्या पाणी वापर संस्थेसाठी होता. संस्थेचं नाव इतकं लांबलचक आहे की पाटीवर ते मावत नाही, म्हणून गाव तिला नुसतं 'संस्था' म्हणतं.

कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या रानाला कुठल्या दिवशी, किती वाजता, किती तास पाणी जायचं, ते संस्था ठरवते. याला पाळी म्हणायचं. पाळीची चिठ्ठी मिळाली की शेतकरी निर्धास्त. आजवर हे सगळं क्लार्क मच्छिंद्र यांच्या रजिस्टरात चाले. मच्छिंद्र पंचावन्नाचे. त्यांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसे आणि संध्याकाळनंतर त्यांनाही लागत नसे.

मोनिकाचा प्रोग्राम ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच चालणारा होता. इंटरनेट असो वा नसो, त्याचं अडायचं नाही. असे प्रोग्राम करायला एक तयार सांगाडा मिळतो, तो तिनं घेतला होता. त्या सांगाड्याची रीत वाचली तेव्हा तिनं हसत हसत सुनीलला फोन केला होता.

"अहो, हे हुबेहूब आपलं घर आहे."

"म्हणजे?"

"एकाच प्रोग्राममध्ये दोघं जण वेगवेगळे राहतात. एक खिडकी. ती माणसांना दिसते, तिच्यावर बटणं असतात, लोकांचं ऐकून घेते. दुसरा आतला. कपाटाच्या किल्ल्या त्याच्याकडं. फाईल लिहायची, प्रिंटर चालवायचा, सगळं त्यानंच. खिडकीनं कपाटाला थेट हात लावायचा नाही."

"का बरं?"

"खिडकीशी कोण येऊन काय बडबडेल, भरवसा नाही. म्हणून मध्ये एक पूल ठेवायचा. खिडकीनं पुलाला सांगायचं, पुलानं आतल्याला. आणि पुलावरनं यादीत असलेलेच निरोप जाऊ द्यायचे. बाकीचे तिथंच अडवायचे."

सुनीलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई बरी आहे ना?"

पुलावरून जाऊ द्यायच्या निरोपांची यादी करताना मोनिकाला मुळीच विचार करावा लागला नाही. अडीच वर्षांचा अनुभव पाठीशी होता.

आप्पासाहेब संस्थेचे चेअरमन. साहजिकच कमिटीतले काकासाहेब या कॉम्प्युटरच्या विरोधात होते. काकासाहेबांचं कॉम्प्युटरशी वैर नव्हतं. चेअरमन जे म्हणेल त्याच्या विरोधात असणं हे त्यांचं कमिटीतलं खातंच होतं. "चेअरमननं सुनंचा खेळ संस्थेच्या डोक्यावर बसवला," असं ते चारचौघांत म्हणाले. शेवटी ठरलं ते असं: बुधवारी ऑफिसात एक चाचणी घ्यायची, रविवारी अकरा वाजता कमिटीपुढं चालवून दाखवायचं. चाललं तर कॉम्प्युटर. नाहीतर रजिस्टर, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. कालव्याच्या खालच्या अंगाच्या दोन संस्था या रविवारकडं डोळे लावून होत्या. मोनिकाही होती. चाललं तर ती प्रोग्राम करणारी मोनिका. न चाललं तर चेअरमनची सून, जिनं गावाच्या पाण्याचा खेळ केला.

आणि बुधवारी घोटाळा झाला.

प्रिंटर आतल्या खोलीत ठेवला होता. बाहेरच्या खोलीत मनमाड रस्त्याची धूळ येई, शिवाय सभासद त्याच्यावर चहाचे कप ठेवत. चाचणीसाठी म्हणून काकासाहेब स्वतःच पुढं झाले. "माझीच काढा पयली." मोनिका तेव्हा पाण्याच्या बाटलीसाठी बाहेर गेली होती. मच्छिंद्रनी काकासाहेबांचं नाव निवडलं आणि 'पाळी द्या' हे बटण दाबलं. पडद्यावर 'थांबा' असं आलं. मच्छिंद्र थांबले. पडदाही थांबला.

मोनिका परत आली तोवर काकासाहेब आतल्या खोलीतून तीन चिठ्ठ्या घेऊन बाहेर येत होते. तीनही त्यांच्याच नावाच्या, तीन वेगवेगळ्या दिवसांच्या.

"काका, एकच खरी. दोन चुकून आल्यात."

"आता कसं चुकून? कॉम्प्युटर चुकत न्हाई आसं आप्पाच म्हनला हुता मिटिंगमधी. वहीत हाय." आणि तीनही चिठ्ठ्या घडी घालून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की कॉम्प्युटर माणशी तीन पाळ्या देतो. दोघं जण तर आपल्या तीन कधी न्यायच्या, हे विचारायला घरी आले.

*

गुरुवारी सकाळी मोनिकानं दोन कामं हाती घेतली. पहिलं चूक शोधायचं, दुसरं काकासाहेबांकडून दोन चिठ्ठ्या परत आणायचं. त्या चिठ्ठ्या रविवारी काकासाहेबांनी कमिटीपुढं टेबलावर टाकल्या असत्या तर प्रोग्राम सुरू करायचीही गरज पडली नसती.

दुसरं काम तिनं आप्पासाहेबांना सांगितलं. "मामा, काकासाहेबांकडच्या दोन चिठ्ठ्या रविवारच्या आत परत पाहिजेत. माझं सगळं त्याच्यावर आहे."

आप्पासाहेबांनी ऐकलं. टोपी घातली. गेले. दुपारी आले, पाय धुतले, जेवले, आडवे झाले.

मोनिकानं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. चेहरा नेहमीसारखाच होता. त्यावर काही वाचायला मिळेल, अशी सोय नव्हती. पुन्हा विचारावं तर मामांना अविश्वास दाखवल्यासारखं होईल. या घरात एक गोष्ट दोनदा विचारायची पद्धत नव्हती. तिनं स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आत्या, मामांनी काकासाहेबांकडून चिठ्ठ्या आणल्या का हो?"

"मला काय इचारती?" गोजरबाई म्हणाल्या. "मी बोलते व्हय त्यांच्यासंगं?"

तिनं सुनीलला फोन लावला. सुनीलनं वडिलांना लावला. पाच मिनिटांनी सुनीलचा परत आला.

"विचारलं. 'हं' म्हणाले."

"हं म्हणजे हो का?"

"आप्पांचं 'हं' म्हणजे ऐकलं. हो म्हणजे त्यांचं 'हं हं'."

"मग परत विचारा की."

"मोनिका, शिफ्ट चालू आहे माझी."

पहिल्या कामाचंही फारसं बरं चाललं नव्हतं. एका मागणीला तीन चिठ्ठ्या का निघतात, हे शोधण्यात तिचे दोन दिवस गेले. प्रिंटर तपासला. चिठ्ठीचा मसुदा तपासला. घरच्या प्रिंटरवर करून बघितलं: एकदा दाबलं की एक चिठ्ठी, दहादा करून बघितलं, दहा वेळा एकेकच. शुक्रवारी ती ऑफिसात जाऊन मच्छिंद्रना भेटली.

"मच्छिंद्रकाका, खरं सांगा. किती वेळा दाबलं?"

"एकदाच."

"नक्की?"

"आईशप्पत, एकदाच दाबलं. कायच हुईना, म्हून परत एकदा दाबलं. तरी कायच हुईना. मंग शेवटचं म्हून एकदा दाबलं. परत्येक टायमाला एकदाच."

मोनिकानं मनात मच्छिंद्रच्या बोटाला दोष दिला आणि घरी आली. प्रिंटरचं खोकं तिनं तिसऱ्यांदा उघडलं.

*

शनिवारी दुपारपर्यंत चिठ्ठ्यांचा पत्ता नाही म्हटल्यावर तिला राहवेना. तिनं स्कूटर काढली आणि काकासाहेबांची वस्ती गाठली. काकासाहेब कडुनिंबाखाली खाट टाकून बसले होते.

"ये, चेअरमनबाई. च्या घे."

"काका, तुमच्याकडं एक काम होतं."

"माझं बी तुज्याकडं हुतं. पयलं माझं ऐक. ते पीकविम्याचं ऑनलाईन फॉर्म भरायचं काय खरं न्हाई बघ. सेंटरवाला दोन-दोन दिस बसवून ठिवतो, आन् नंतर म्हनतो, सर्व्हर डाऊन. तू भरून देशील का?"

मोनिकानं हिशेब केला: एक फॉर्म, दोन चिठ्ठ्या. स्वस्तात पडतंय. "देईन की."

"माझा न्हाई निस्ता. भावकीत सात घरं हायेत."

चहा आला. मोनिका चहाकडं बघत बसली. उद्या अकरा वाजता कमिटी बसणार होती. "सातही देते."

"आन् फोटो अपलोड का काय करत्यात, ते बी?"

"तेही."

"मोठ्या घरची पोर!" काकासाहेब खूश होऊन म्हणाले. "बोल, तुजं काय काम?"

"त्या दोन चिठ्ठ्या परत द्या, काका."

"चिठ्ठ्या व्हय? त्या न्हेल्या की आप्पानं. बेस्तरवारीच. एक बोलला न्हाई गडी. आला, हात पुढं केला, मी टाकल्या हातावर. पन्नास वर्सांची वळख हाय, कमिटीत भांडतो म्हून काय वस्तीवर भांडायचं?"

मोनिकानं बशी खाली ठेवली. "मग आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुटं?" काकासाहेब म्हणाले. "आधार कार्डं आत्ताच न्हेतीस का उद्या धाडू?"

*

घरी आली ती तणतणतच. आप्पासाहेब रानात गेले होते, त्यामुळं जे काही होतं ते सगळं स्वयंपाकघरात ऐकावं लागलं. गोजरबाई तांदूळ निवडत होत्या.

"गुरुवारीच आणल्यात, आत्या! गुरुवारपासून खिशात घेऊन फिरतायत. तीन दिवस मी इथं झुरतेय. एक शब्द, 'आणल्या' एवढा एक शब्द सांगायला काय जातं? वर आता सात घरांचे फॉर्म भरायचेत मला!"

गोजरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेलं समाधान होतं.

"सातच व्हय? माजा अडीच किलो डिंक गेला हुता."

"कसला डिंक?"

"तुला न्हाई ठावं? सुनीलनं न्हाई सांगितलं? तो बी त्यांचाच." गोजरबाई सरसावून बसल्या. "लेक नाशकाला बाळातीन झाली तवाची गोष्ट. मी डिंकाचं लाडू क्येलं, डबा भरला, म्हनलं यष्टीनं धाडा. घ्येतला डबा, ग्येले. आले, पाय धुतले, जेवले. धाडला का न्हाई, कायच न्हाई. मी इचारलं, तर 'हं'. एक दिस गेला, दोन गेले. मला वाटलं, ह्यांनी इसरून संस्थेतच ठिवला डबा. लेक तिकडं वली बाळातीन. मी परत डिंक आनला, परत रात धरून लाडू वळले, शेजारच्या पोराबरूबर धाडून दिला दुसरा डबा. तर लेकीचा फोन. म्हनती, आई, लाडवाचं दुकान घालू का?"

मोनिकाला हसू आवरेना.

"पयला डबा त्याच दिशी पोचलेला! त्याच दिशी, मोनिका! काम क्येलेलं चोख. निस्तं सांगितलं न्हाई. मंग मी म्हनलं, ज्याला सांगितल्यालं कळतं पर उलटून सांगता येत न्हाई, त्याच्यासंगं बोलायचं तरी कशापायी? आन् ते बी..."

गोजरबाई पुढं बोलत होत्या, पण मोनिकाचं हसणं मध्येच थांबलं होतं. एका लेकीला दोन डबे. एका काकासाहेबांना तीन चिठ्ठ्या. काम केलेलं चोख.

तिनं उठून लॅपटॉप उघडला. दोन दिवस ती चिठ्ठ्या तीन का निघतात हे शोधत होती. मच्छिंद्रनी तीनदा का दाबलं, हे शोधायचं तिला सुचलंच नव्हतं.

सापडायला चार मिनिटं लागली. खिडकीनं निरोप दिला: काकासाहेबांना पाळी द्या. पुलानं तो नेला. आतल्यानं ऐकलं, मोकळा दिवस शोधला, वहीत लिहिलं, चिठ्ठी छापली. आणि मग गप्प बसला. 'झालं' असं परत सांगायचं, ही ओळ त्याला कुणी लिहूनच दिली नव्हती. रिकाम्या हातांनी पूल परत येत होता आणि खिडकी 'थांबा' म्हणत तशीच उभी राहात होती. मच्छिंद्रना वाटे, निरोप पोचलाच नाही. ते दुसरा डबा पाठवत.

ती ओळ लिहायला विसरली होती ती मोनिकाच. घरी करून बघताना तिचं लक्ष पडद्याकडं कधी नसायचंच. प्रिंटर मधल्या खोलीत शेजारीच. तो करकरला की झालं म्हणून ती समजायची. मोटरचा आवाज आला की टाकी भरतेय, हे समजायचं तसं. हा प्रोग्राम सावेडीत बसून लिहिला असता तर ही चूक तिच्या हातून झाली नसती. अडीच वर्षांत हे घर तिच्या बोटांत उतरलं होतं.

तिनं ती एक ओळ लिहिली. हात लागलाच आहे तर आणखी दोन गोष्टी केल्या: आतल्याचं उत्तर येईपर्यंत बटण दाबलंच जाणार नाही, आणि एकदा दिलेली पाळी पुन्हा मागितली तर आतला दुसरी चिठ्ठी काढणार नाही, आधी दिलीय म्हणून सांगेल.

"सापडलं, आत्या."

"काय हुतं?"

"डिंकाचे लाडू," मोनिका म्हणाली.

*

रविवारी अकराला कमिटी बसली, म्हणजे पावणेबाराला. मच्छिंद्रनी एका सभासदाचं नाव निवडलं, पण बटण दाबायला काकासाहेब स्वतः खुर्चीत बसले. "माझं बोट कुनाच्या घरचं न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर 'थांबा' आलं. सगळी कमिटी पडद्याकडं बघत थांबली. मोनिका दाराशी उभी होती. मग पडद्यावर अक्षरं उमटली: 'पाळी दिली. चिठ्ठी आतल्या खोलीत छापली आहे.'

मच्छिंद्र आत जाऊन चिठ्ठी घेऊन आले. एकच होती. त्यांनी ती उलटसुलट करून सगळ्यांना दाखवली, दुसरी चिकटलेली नाही याची खात्री पटावी म्हणून.

काकासाहेबांनी पुन्हा बटण दाबलं. 'ही पाळी आधीच दिली आहे.' आणखी एकदा दाबलं. 'ही पाळी आधीच दिली आहे.'

"हे कोन सांगतंय?" त्यांनी विचारलं.

"आतला," मोनिका म्हणाली. "काम तोच करतो. केलं की तोच सांगतो."

काकासाहेबांनी खुर्ची फिरवली. "आप्पा, हा आतला तुज्यापरीस बरा हाय गड्या. सांगतो तरी!"

कमिटी खो खो हसली. गोजरबाईंच्या दोन डब्यांची गोष्ट सुनीलनं बायकोला सांगितली नसली तरी नाशिक गाडीच्या कंडक्टरपासून सगळ्यांना पाठ होती. आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशात हात घातला, दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. तीन दिवस घामात राहून त्यांची पार वाट लागली होती.

"आता बोल तरी कायतरी!" कुणीतरी म्हणालं.

"दोन हायेत," आप्पासाहेब म्हणाले.

ठराव एकमतानं झाला. म्हणजे काकासाहेबांनी विरोध नोंदवायला सांगितला, पण हात वर केला तो ठरावाच्या बाजूनं. यापुढं रजिस्टर बंद, असा ठराव मच्छिंद्रनी रजिस्टरात लिहून घेतला. कालव्याच्या खालच्या अंगाच्या दोन्ही संस्थांचे लोक बाहेर थांबलेलेच होते. त्यातल्या एकानं मोनिकाला विचारलं, "म्याडम, तुमचं नाव काय लिहायचं?" तिनं चेअरमनचा उल्लेख न करता नाव सांगितलं.

घराकडं येताना आप्पासाहेब चार पावलं पुढं चालत होते. एसटी स्टँडपाशी ते थांबले.

"काय बदाललं त्यात?"

अडीच वर्षांत मामांनी तिला पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं होतं. "काही नाही, मामा. आतल्याला शिकवलं. काम झालं की सांगायचं."

आप्पासाहेब उभ्या असलेल्या बसकडं बघत राहिले.

"आन् शिकला?"

"एका ओळीत."

"हं," आप्पासाहेब म्हणाले आणि पुढं चालू लागले.

*

मंगळवारी गोजरबाईंनी कुरडयांचा डबा भरला, त्याला फडकं बांधलं आणि मधल्या खोलीकडं तोंड केलं. "मोनिका, म्हनावं डबा नाशकाला धाडायचाय. आन् म्हनावं, मी काय आता दुसऱ्यांदा कुरडया घालायची न्हाई, कंबर ऱ्हायली न्हाई माजी."

मोनिका काकासाहेबांच्या भावकीतला पाचवा फॉर्म भरत होती. ती उठून ओट्यावर गेली. "मामा, हा डबा नाशिकला पाठवायचाय."

आप्पासाहेबांनी टोपी घातली, डबा घेतला, गेले.

सव्वादोनला आले. पाय धुतले. नेहमीप्रमाणं ओट्यावर बसायचं सोडून ते मधल्या खोलीतून सरळ पुढं गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्या दारात ते चार वर्षांत उभे राहिले नव्हते. गोजरबाई भाकरी थापत होत्या. मोनिका मागोमाग आली, काही पेटलंबिटलं की काय म्हणून.

आप्पासाहेब खाकरले. मग पिठाच्या डब्याकडं बघत म्हणाले, "ग्येला. दीडच्या गाडीनं. कंडक्टरचा नंबर घेतलाय."

गोजरबाईंचा हात परातीत थांबला. तवा तापून धुरावायला लागला. त्यांनी मान वर केली नाही. दारातल्या दोघांपैकी त्या फक्त एकीशी बोलल्या.

"मोनिका, म्हनावं, ऐकलं."

मोनिकानं मामांकडं बघितलं. ते तिच्यापासून हातभर अंतरावर होते आणि त्यांचे दोन्ही कान शाबूत होते. पण रीत म्हणजे रीत. "मामा, आत्यांनी ऐकलं."

"हं हं," आप्पासाहेब म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली. मोनिका मधल्या खोलीत येऊन पाचव्या फॉर्मला लागते न लागते तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मोनिका, म्हनावं, भाकर गरम हाय तवर या. उन्हातनं आलाय, निस्तं पानी पिऊ नका."

यातलं काम कुठलं आणि वरचं कुठलं, हे मोनिकाला ठरवता येईना. असला निरोप तिच्या यादीत कधी नव्हता. तिनं तो जसाच्या तसा ओट्यावर नेला, एक शब्द न गाळता. आप्पासाहेबांनी पूर्ण ऐकून घेतला, टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले,

"सांग, आलो म्हून."

मोनिका उत्तर घेऊन परत निघाली.